न बसणारा प्रोसेसर

मिरजेच्या दवाखान्यातला आज सहावा संगणक साफ करायला उघडला. पाठ भरून आली होती. आतली तापलेली धूळ नाकात गेली आणि मी वीस वर्षं मागे, सांगलीतल्या एका दुकानापाशी पोचले.

कॉलेजात असताना मी पहिला संगणक स्वतः जोडायला घेतला. सुटे भाग त्याच दुकानातून मीच निवडले. जतजवळच्या आमच्या गावी नेऊन खोकी फोडली, तेव्हा कळलं की तो प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसतच नाही. चूक माझीच होती. माझे वडील, आबा, मेंढरं चुलत्यावर सोपवून माझ्याबरोबर एसटीनं सांगलीला आले.

"मामा, खोकं फोडलंय. आता परत घेता येत नाही," दुकानदार म्हणाला.

"व्हय. पर पोरीला ठावं नव्हतं," असं म्हणून आबा खोकं मांडीवर घेऊन पायरीवरच बसले. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास. गिऱ्हाइकं अंग चोरून आत जात होती. आम्ही बापलेक आहोत हे कुणाला कळू नये, म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

दोनेक तासांनी दुकानदारानं मदरबोर्ड बदलून दिला. मला हाक न मारता आबाच रस्ता ओलांडून आले.

"आता बसंल न्हवं?"

मी नुसती मान हलवली.

मी लांब का उभी होते, हे त्यांना कळलं नसावं, असं कितीतरी वर्षं धरून चालले. आबा गेले, आणि आता तेवढंही मनाला पटत नाही. कळलं होतं, म्हणून तर त्यांनी हाक मारली नाही.