दोन ससे, पर्युषणापर्यंत

कांतीभाऊ गेल्याचं मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कळलं. वेळ नक्की सांगता येते, कारण फोन ठेवल्यावर समोरच्या कागदावर मी सर्वांत आधी तीच लिहिली होती. वर्षानुवर्षं बातम्या घेण्याची सवय, दुसरं काही नाही. फोन त्यांच्या मुलाचा, नीलेशचा होता. तो धुळ्याहून निघाला होता, गाडीतूनच बोलत होता. 'पप्पा गेले. झोपेतच. कामवाल्या बाईंनी दार वाजवलं, तेव्हा...' मग त्याने विचारलं, 'सशांना सकाळचं कोणी घातलं असेल का हो?' मला माहीत नव्हतं. त्याचं उत्तर संध्याकाळी माझ्याच घरात मिळालं.

कांतीभाऊंचं घर आमच्यापासून तिसरं. त्यांचे वडील राजस्थानातून धरणगावला आले आणि तिथेच कापडाच्या धंद्यात स्थिरावले. कांतीभाऊंनी जळगावात दुकान काढलं आणि म्हातारपणापर्यंत चालवलं. नीलेशने धुळ्यात स्वतःचं दुकान टाकल्यावर त्यांनी इथलं बंद केलं. पत्नी आधीच गेली होती. सकाळी ते पांजरपोळीत जात, गाईगुरांची देखरेख करत, आणि सूर्य मावळायच्या आत जेवून घेत. एके दिवशी त्या पांजरपोळीच्या फाटकाशी कोणीतरी द्राक्षांच्या खोक्यात दोन ससे ठेवून गेलं. मुलांची हौस फिटली असणार. गुरं सांभाळणाऱ्या माणसांना त्यांचं काय करावं कळेना, म्हणून कांतीभाऊ ते खोकं घरी घेऊन आले. हे गावात पसरलं. मग कंटाळलेली माणसं आपले ससे त्यांच्याकडे आणून देऊ लागली, आणि ज्यांच्या मुलांनी नुकताच हट्ट धरला होता, तेही त्यांच्याचकडे येऊ लागले.

ससा ते फुकट देत, पण सहज देत नसत. आधी घर बघायला येत, तेही न कळवता, मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता. पिंजरा जिथे ठेवणार त्या भिंतीला तळहात लावून उभे राहत. दुपारी घरी कोण असतं, दिवाळीत गावाला जाता का, गेलात तर हे कोणाकडे, असं विचारत. मग मुलाकडे वळून म्हणत, 'तो जेवला नाही, हे तुला कसं कळेल?' बहुतेक मुलं म्हणत, तो ओरडेल. ससा ओरडत नाही. 'लेंड्या बघायच्या,' कांतीभाऊ सांगत. 'रोज. एक दिवस दिसल्या नाहीत तर डॉक्टर. दोन दिवस दिसल्या नाहीत तर उशीर झाला.' कॉलनीत त्यांची भरपूर थट्टा व्हायची. कांतीभाऊंचा ससा हवा असेल तर आधी पत्रिका दाखवा, मुलाकडची मंडळी म्हणून नीट कपडे घालून बसा, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. ते हसत. त्या हसण्याने नकाराचा होकार झाल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

आमच्या मुक्ताने ससा मागितला तेव्हा ती दहा वर्षांची होती. माझी पत्नी त्या वेळी जामनेर तालुक्यातल्या शाळेत शिकवत होती. सकाळी निघायची, संध्याकाळी यायची. मी दुपारपासून कार्यालयात. कांतीभाऊ आले, त्यांनी आमच्या गॅलरीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. 'काय पत्रकार, कमाल तापमान रोज छापता ना?'

'छापतो की.'

'ससा पेपर वाचत नाही,' ते म्हणाले. मग मुक्ताला म्हणाले, 'तुझं काही चुकलं नाही, बेटा. दुपारी हे घर बंद असतं. नाही.'

मागच्या वर्षी पत्नीची बदली शहरातल्या सकाळच्या शाळेत झाली आणि ती अडचण संपली. मुक्ताने पुन्हा विचारलं. कांतीभाऊ म्हणाले, उन्हाळाभर माझ्या पडवीत ये, मग बोलू. ती गेली. सकाळी साडेसहाला आणि दुपारी दोनला. गोणपाट भिजवायचे, पाण्याची मातीची भांडी घासायची, खाली पसरलेलं गवत काढून नवं घालायचं. तेव्हा त्यांच्याकडे दोनच ससे उरले होते, दोन्ही माद्या, एक पांढरी आणि एक करडी. एकही दिवस तिने चुकवला नाही. जूनमध्ये मला वाटलं, आता ससे आमच्याकडे येणार. मी सुताराशी पिंजऱ्याचं बोलूनही ठेवलं होतं. कांतीभाऊ म्हणाले, 'सुट्टीतलं झालं. आता एक पर्युषण बघू.'

घर जैन, त्यामुळे पर्युषणाचे आठ दिवस तिथे हिरवा पाला येत नसे. ते स्वतः अठाई करत, म्हणजे आठही दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहत. त्या आठ दिवसांत सशांचा पाला शेजारच्या कोणीतरी आणायचा, अशी त्यांची दर वर्षीची व्यवस्था होती. मागच्या वर्षी ते काम मुक्ताकडे आलं. पहिल्या दिवशी ती बाजारातून मेथी आणि मुळ्याचा पाला घेऊन आली. भाजीवाली बाई खेड्यावरची. पाला सशांसाठी आहे हे कळल्यावर तिने पिशवीकडे बघून विचारलं, 'ससास्नं लगीन शे का व माय? बठ्ठी मेथी तूच लई चालनी!' सशांचं लग्न आणि त्यासाठी सगळी मेथी घेऊन चाललेली आपण, हे मुक्ताला इतकं आवडलं की घरी आल्यावर तिने ते दोनदा म्हणून दाखवलं. पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी कॉलनीच्या गणपतीची आरास सुरू झाली. मुलं रात्री जेवायलाच तेवढी घरी येत. सहावा आणि सातवा दिवस ती पडवीत गेलीच नाही. आम्हालाही ते कळलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी ती दुप्पट पाला घेऊन गेली. मी सोबत होतो. कांतीभाऊ पडवीत भिंतीला टेकून बसले होते. आठ दिवसांच्या उपासाने आवाज बारीक झाला होता.

'काल?' त्यांनी विचारलं.

'काल आणला होता, आबा. तुम्ही झोपला होतात. मी ठेवून गेले.'

त्यांनी पिंजऱ्याकडे मान वळवली. पिंजऱ्यात फक्त वाळलेलं गवत होतं, तेही अर्धं खाल्लेलं. ते मला दिसलं, आणि मी तिचं बोलणं तसंच जाऊ दिलं.

तो संवत्सरीचा दिवस होता. त्या दिवशी वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायची असते. कांतीभाऊ दर वर्षी संध्याकाळी कॉलनीतल्या घराघरात जाऊन हात जोडत. त्या संध्याकाळी आमच्याकडे आले तेव्हा त्यांना दोन पायऱ्या चढायला वेळ लागला. पत्नीपुढे हात जोडले, माझ्यापुढे जोडले, मग मुक्तापुढे वाकून तेच शब्द म्हणाले, 'मिच्छामि दुक्कडं, बेटा.' आधीच्या सगळ्या वर्षांत तिने हसून तेच शब्द परत केले होते. या वेळी तिला ते जमलं नाही. 'आबा, मी काल आले नव्हते. परवापण नाही,' ती म्हणाली आणि रडायला लागली.

ते खुर्चीवर बसले. तिचं रडणं थांबेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते त्याआधी मला माहीत नव्हतं. नीलेश दहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला एक ससा आणून दिला होता. त्या वर्षीच्या पर्युषणात घरात पाला आला नाही. गवत ठेवायचं असतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. भिजवलेले चणे आणि पोळीचे तुकडे घातले. सहाव्या दिवशी ससा मेला. 'उपास माझा होता,' कांतीभाऊ म्हणाले. 'सशाला कोणी विचारलं नव्हतं. धर्माने सांगितलं नव्हतं त्याला उपाशी ठेवायला. आम्ही बघितलं नाही... पोराला मी सांगितलं, आयुष्य संपलं होतं त्याचं. त्याने ऐकून घेतलं. दर वर्षी एवढ्या लोकांपुढे हात जोडतो, त्याला हे अजून सांगितलेलं नाही.'

मुक्ताने डोळे पुसले. 'मग मला ससा नाही मिळणार?'

'नाही.'

'खरं सांगितलं तरी?'

'खरं सांगितलंस म्हणून त्यांचं पोट भरलं का? गवत होतं म्हणून निभावलं.' मग खुर्चीवरून उठत म्हणाले, 'पुढच्या वर्षी बघू.'

मला राग आला होता. बारा वर्षांच्या मुलीने स्वतःहून कबुली दिल्यावर एवढं ताणायची गरज नव्हती, असं मला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना तसं बोललो. ते म्हणाले, 'पत्रकार, पोरगी चांगली आहे. ससा तिचा चांगुलपणा खात नाही.' त्यानंतर दोन आठवडे मी त्यांच्याकडे गेलो नाही. मुक्ताही गेली नाही. मग एका सकाळी साडेसहाला ती दार उघडून बाहेर पडली, आणि त्यानंतर रोज जात राहिली. ससे मिळण्याबद्दल दोघांपैकी कोणीही पुन्हा काही बोललं नाही. ते बरोबर होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. ती रोज जात होती, एवढंच नोंदवता येतं.

त्या मंगळवारीही ती गेली होती. संध्याकाळी तिने सांगितलं. पुढचं दार बंद होतं, म्हणून बाजूच्या फाटकातून आत गेली, पाला घातला, पाणी बदललं. 'आबा झोपले असतील म्हणून हाक मारली नाही,' ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. 'मी खरंच गेले होते, बाबा.' मी म्हणालो, मला माहीत आहे. तिच्या आईने तिला जवळ घेतलं.

उठावण्याला, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेला, धुळ्याहून, धरणगावहून नातेवाईक आले. पाहुणे पांगल्यावर नीलेश मागच्या पडवीत येऊन बसला. संवत्सरीच्या संध्याकाळी ऐकलेली गोष्ट त्याला सांगावी की नाही, याचा मी तीन दिवस विचार केला होता. शेवटी सांगितली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, 'मला माहीत होतं.' मग म्हणाला, 'मीपण चार दिवस पिंजऱ्याकडे फिरकलो नव्हतो. क्रिकेट चालू होतं. पप्पा आयुष्य संपलं म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं... त्यांना वाटायचं, त्यांनी मारला. मला वाटायचं, मी.' एवढी वर्षं बापलेक एकाच सशाबद्दल एकमेकांशी गप्प राहिले होते.

मुक्ता तिथेच गवत बदलत होती. नीलेशने तिला हाक मारली. 'घेऊन जा गं दोघींना. आता तूच बघतेस त्यांना. पप्पा असते तरी तुलाच दिल्या असत्या.'

ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, 'आबा पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते. अजून पर्युषण आलं नाही.'

'अगं, पण ते बघायला आता आहे कोण?'

'मी बघेन,' ती म्हणाली. 'नाही जमलं तर तुम्हाला फोन करून सांगेन, नाही जमलं म्हणून. मग तुम्ही न्या.'

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून फाटकाची किल्ली काढून माझ्या हातात न देता तिच्या हातात दिली.

याला आता सहा आठवडे झाले. घर बंद आहे, पडवी उघडी असते. मुक्ता सकाळी जाते, शाळेतून आल्यावर जाते. ऊन चढायला लागल्यापासून दुपारचे गोणपाट तिची आई भिजवते. परवा मी सोबत गेलो होतो. पिंजऱ्याची कडी कधीच तुटलेली आहे. तिच्या जागी कांतीभाऊंनी दुकानातली कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी आडवी घालून ठेवली आहे. त्यांच्या मुठीची जागा घासून गुळगुळीत झाली आहे. मुक्ता ती बाहेर ओढते, भिंतीला उभी करते, काम झालं की दोन्ही हातांनी पुन्हा सरकवते. पट्टी जड आहे, तिला नीट पेलत नाही. मी म्हणालो, रविवारी नवी कडी बसवून देतो.

'नको,' ती म्हणाली. 'पिंजरा अजून आपला नाहीये.'