खाडीने परत केलेली पिशवी

मंडळी, आज सकाळी ओहोटीच्या वेळी खाडीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, घ्यायला गेले होते. तिथे वर्षानुवर्षं चिखलातून तिसऱ्या काढणाऱ्या सुमनताईंनी माझ्या हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली.

“वहिनी, बाहेरून तुमच्या लेकीचं नाव दिसलं म्हणून ठेवली. आज तिसऱ्या नाहीत, हेच मिळालं.”

आत कुजलेलं निर्माल्य आणि लेकीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. पत्रिकेवर गणपती, म्हणून कचऱ्यात न टाकता निर्माल्यासोबत पिशवीत बांधून मीच पुलावरून खाडीत सोडल्या होत्या. वर हातही जोडले होते.

सुमनताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पुन्हा चिखलात वाकल्या.

पिशवी घरी आणली आहे. कचऱ्यात टाकायला अजूनही हात होत नाही. तुम्ही काय करता अशा पत्रिकांचं?