आयत छापलेलं कार्ड

कुलूप उघडून घरात पाऊल टाकलं की अख्तरुन्निसा टीचर मोठ्याने सलाम करायच्या. नेरूळच्या त्या फ्लॅटमध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतं. पती वारले होते, मूलबाळ नव्हतं. रिकाम्या घरालाही सलाम करावा, असं आईने शिकवलेलं. मग पंखा लावून त्या एक कप चहा टाकायच्या.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्या नावड्याला जात. मशिदीच्या ट्रस्टच्या हॉलमध्ये मुलींना जीवशास्त्र शिकवत. छापील कार्डावर टॅबचा कॅमेरा धरला की पडद्यावर त्या कार्डावरच हृदय उभं राही, धडधडू लागे. शरीर ही अल्लाने सोपवलेली अमानत, ती आधी ओळखा, असं त्या सांगत. टॅबविषयी पालकांच्या मनात किंतू राहू नये, म्हणून या वेळी त्यांनी कार्डांवर कुराणातली हृदयाविषयीची आयत छापून घेतली.

पण कार्ड कुणी हातात घेईना.

"वजू नाही, टीचर."

आयतीला हात लावायचा तर नमाजाआधीसारखं हातपाय-तोंड धुतलेलं हवं. स्वतः त्या सदा वजूत असायच्या. हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी मुलींना नळावर पाठवलं. सगळ्या ओल्या हातांनी परतल्या. अफशा मात्र भिंतीशीच उभी.

"हिला पाणी थंड लागतं," तस्नीम म्हणाली, आणि मुली खुदकन हसल्या.

अफशाने ओढणी सारखी करत खाली पाहिलं. तेव्हा टीचरना कळलं. पाळीत आयतीला हात लावत नाहीत. शरीर ओळखा म्हणणाऱ्या आपणच तिला सगळ्यांदेखत वेगळं काढलं होतं.

पुढच्या रविवारी कार्डांवर नुसती आकृती होती. ट्रस्टचे अय्युबभाई दारातच भेटले.

"आपा, आयत काढली? मग बाहेरच्या क्लासात आणि यात फरक काय राहिला?"

"मी तोंडाने म्हणते ना, भाई."

"पण काढली का?"

कारण सांगायचं तर अफशाला पुन्हा भिंतीशी उभं करायचं. टीचरनी कार्डांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मग पुढच्या रविवारपासून हॉल देता येणार नाही," ते हळूच म्हणाले.

मुलींना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. आयत म्हटली आणि कार्ड अफशाच्या तळहातावर ठेवलं. पडद्यावर हृदय उमटलं, थरथरलं, नाहीसं झालं.

"हात हलवू नको गं. खिडकीजवळ ये जरा."