खंड्याचे धूसर फोटो

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, पण परवा कपाटातून लेन्सचा चामडी डबा काढला आणि त्याच्या कुबट वासाने सगळं आठवलं. चाकणच्या कंपनीतून मी निवृत्त झालो तेव्हा बायकोला पक्ष्यांचे फोटो काढायची हौस होती, म्हणून चिंचवडच्या एका दुकानात आम्ही नवशिक्याला झेपेल असा डीएसएलआर कॅमेरा बघायला गेलो. तिला त्याच्यासोबतची नवी लेन्स आवडली होती. मी मात्र माझ्या रिळाच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स मुद्दाम नेली होती, ती नव्या कॅमेऱ्यावर खट्कन बसली आणि जन्म कंपनीच्या टूलरूममध्ये सुटे भाग जुळवण्यात काढलेला मी म्हणालो, "बसली म्हणजे चालली!" ती पिशव्या बघत असताना दुकानदार हळूच म्हणाला, "काका, या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही, या जुन्या लेन्सचा फोकस हातानेच फिरवावा लागेल." माझी लेन्स कामाला येणार याच आनंदात मी तिला हे सांगितलंच नाही आणि नवी लेन्स न घेता नुसता कॅमेरा घेतला. देहूला इंद्रायणीकाठी ती नुसतं बटण दाबत राहिली आणि खंड्याचे सगळे फोटो धूसर आले. "अहो, हात हलतो माझा," ती हसत म्हणाली, "खंड्या म्हणत असेल, म्हातारे, घरी जा!" मीही हसलो. पुढे कॅमेरा कपाटात गेला. आजही नातीने फोटो काढायला मोबाइल पुढे केला की बायको म्हणते, "नको गं, माझा हात हलतो." तुझा हात हलत नव्हता, चूक माझी होती, मला माफ कर, एवढं म्हणायला परवा मी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा मागून परत आलो.