कॅटेगरीतून गळालेला मेव्हणा

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, हे मला ठाऊक होतं. माणसं रंगवलेली मी आमच्या नांदेडच्या घरात पहिल्यांदा पाहिली. पोरगा कंपनीत साहेब. त्याच्या कॉम्प्युटरात मेलचा एक प्रोग्राम आहे. मोबाईलमधली सगळी नावं त्यानं त्यात ओतली. एकेक नाव घेऊन कोण बसतो, म्हणून ओळीनं पुष्कळ नावं एकदम निवडायची आणि एका दणक्यात सगळ्यांवर शिक्का मारायचा. त्या शिक्क्याला कॅटेगरी म्हणतात. भावकी हिरवी, ऑफिस निळं, आमच्याकडचे सोयरे पिवळे, त्याच्या आईकडचे जांभळे. मेल पाठवायचा तर रंग निवडायचा. त्या रंगाच्या सगळ्यांना एकदम जातो. जनावरांच्या बाजारात दलालसुद्धा जनावराच्या तोंडाकडं बघतो. इथं तेवढंही न्हाई.

"व्हॉट्सॲपच्या ग्रुपात भांडणं होतात, आबा. मेलवर शिस्त राहते," पोरगा म्हणाला.

ज्या म्हाताऱ्यांना मेल म्हणजे काय ते माहीत न्हाई, त्यांच्या नावापुढं त्यांच्या पोरांचा मेल लावलेला. लई शिस्त.

"मला कोणता रंग दिला रे?"

"तुम्ही घरातच असता. तुम्हाला कशाला?"

म्हणजे मी बिनरंगी.

बायको गेली त्याला वर्ष भरत आलं होतं. वर्षश्राद्धाचं बोलावणं पोरानं मेलवरच धाडलं. मी म्हणालो, सोयऱ्याला समक्ष जाऊन सांगावं लागतं. तो म्हणाला, एका मिनिटात सगळ्यांना गेलंसुद्धा. मिनिटात भात शिजत न्हाई, ह्याची सोयरीक शिजली.

आमच्याकडं दुखवटा बायकोच्या माहेरच्यांनी काढायचा असतो. मेव्हण्यानं आपल्या हातानं नवी टोपी घालायची. मग घरात सणवार, गोडधोड सुरू. वर्षभर मी उघड्या डोक्यानं फिरलो ते त्या हातासाठी. तिच्या पाठचा तो एकच भाऊ, निलंग्याला राहतो.

मुरुडच्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा कळलं. त्याला लातूरच्या बाजारात माझा मेव्हणा भेटला. ह्यानं सहज विचारलं, "पाव्हणं, वर्षाला येताव न्हवं?" मेव्हणा म्हणाला, "कुणाच्या वर्षाला?"

पोराला विचारलं. त्यानं बराच वेळ कॉम्प्युटरात डोकं घातलं. मग खाली बघून म्हणाला, "आई गेल्यावर मी साफसफाई केली होती. आईकडची कॅटेगरी काढून टाकली. मला वाटलं, नावं आपोआप सोयऱ्यांत जातील. नावं आहेत, आबा. फक्त रंग गेला."

रंग गेला म्हणून मेल गेला न्हाई. तिचं सगळं माहेर, जिवंत माणसं, झाडलोटीत निघाली.

"आई मेली म्हणून मामाही मेला का रे तुझा?"

"तसं न्हाई. आता सगळी नावं एकदम निवडतो आणि परत पाठवतो."

"हात लावू नको. ज्या हातानं झाडलं त्याच हातानं आवतण देऊन राहिला का?"

सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं, तिथून निलंगा. मेव्हणा ओसरीवर बाजेवर बसला होता. उठला न्हाई.

"या दाजी. रस्ता चुकलाव जणू."

"सांगायला आलो. पोराचं चुकलं. कॉम्प्युटरात तुमचं नाव रंगाबाहेर पडलं."

"आम्हाला वाटलं, बहीण गेली, सोयरीक गेली. तुमच्याकडं शिकलेली माणसं. मशिनीत घालून काढलं असंल तसं."

राग आला की त्याचा खालचा ओठ दुमडतो, अगदी हिचा दुमडायचा तसा. मी त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"दुसऱ्या कुणाच्या हातची टोपी मी घालणार न्हाई," मी म्हणालो. "तुम्ही न्हाई आलाव तर असाच बोडका जाईन वर. तिथं ती विचारंल, भाऊ आला न्हाई का. मी खरं सांगंन."

"धमकी देऊन राहिलाव का?"

"हाव."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "जेवून भांडा. भाकरी गार होऊन राहिल्या."

जेवलो. येतो की न्हाई, हे काही तो बोलला न्हाई. मीही परत विचारलं न्हाई. तेवढा त्याचा मान मला ठेवायचा होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पहिली पंगत उठली तरी तो न्हवता. भावकीतला एकजण म्हणाला, घ्या दुसऱ्या कुणाच्या हातून टोपी उरकून, जिलबी खोळंबलीय. त्याच्याकडं मी नुसतं बघितलं. त्यानं पुढं जिलबीचं नाव काढलं न्हाई.

दुसरी पंगत बसताना मेव्हणा दारात आला. पोरगा हात जोडत पुढं झाला, "मामा, माझी चूक..."

"सरक, भाच्या. तुझ्यापाशी न्हाई आलो."

घोटभर पाणीसुद्धा न घेता त्यानं पिशवीतून टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. घट्ट बसली.

"डोकं वाढलं का काय, दाजी?"

"टोपी आखूड आणलीव. लग्नात तुमच्या बहिणीचं लुगडंही आखूडच आलं होतं."

तो हसला. हसता हसता त्याला रडू फुटलं. टोपी सरळ करायच्या निमित्तानं त्यानं हात माझ्या डोक्यावर ठेवला तो बराच वेळ काढला न्हाई, आणि मीही डोकं हलवलं न्हाई.