दुसऱ्या वेताची सायकल

आमच्या घरात कुठलीही वस्तू म्हशीसारखीच घेतात.

ह्यांनी जन्मभर म्हशीच घेतल्या, त्यामुळे दुसरी रीत त्यांना ठाऊक नाही. फ्रिज घेतला तेव्हासुद्धा दुकानात त्याच्या पाठीवर थाप मारून तो दचकतो का ते बघितलं होतं. (नाही दचकला. म्हणून घेतला!)

आमच्या पल्लवीला शर्यतीची सायकल हवी होती. जिल्ह्याची निवड तोंडावर आलेली, आणि पोरगी कॅरियरवाल्या जड सायकलीवर घाम गाळत होती. शाहूपुरीतला एकजण आपली वापरलेली सायकल विकणार होता. तो ती घेऊन गडमुडशिंगीला आमच्या दारात आला आणि टेकायच्या आधीच म्हणाला, "आजच काय ते सांगा. उद्या बिद्रीचं गिऱ्हाईक येणार हाय."

पल्लवीचा जीव टांगणीला. हे मात्र सावकाश सायकलीभोवती फिरले.

"स्टँड न्हाय, घंटी न्हाय, मडगार्ड न्हाय. उपाशी ठेवलीया काय हिला?"

"काका, रेसची सायकल हलकीच असती."

"आन् शिंगं मेंढ्यागत?"

"ते हँडल हाय, काका!"

"बरं. कितव्या वेताची?"

(म्हैस जितक्या वेळा व्याली, तितकी तिची वेतं.) तो माझ्याकडं बघायला लागला. मी जमिनीकडं. शेवटी पल्लवीच म्हणाली, "किती मालक झाले, ते विचारत्यात."

"मी दुसरा."

"म्हंजे दुसरं वेत. चांगलं हाय." मग हे माझ्याकडं वळले. "अगं, बस हिच्यावर."

मी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. म्हशीच्या व्यवहारात ह्यांचा एक नियम आहे: घरच्या बाईला धार काढू दिली तरच जनावर घ्यायचं. लाथ मारली की परत!

"आबा, आई कशाला? चालवणार मी!"

"तू कायबी चालीवशील. ही गरीब हाय. हिला पाडलं न्हाय, तरच जनावर गुणी."

"मला येत नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण परक्या माणसासमोर बोलायचं कसं? (गॅसवाल्याशीही मी दाराआडूनच बोलते.) त्यापेक्षा सायकलीवर बसणं सोपं वाटलं! लहानपणी वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून थोडीफार चालवली होती, तेवढ्या भांडवलावर पल्लवीचा पंजाबी ड्रेस चढवला आणि बसले. सीट कसली, मुसळच ते!

ह्यांनी मागून ढकललं आणि सायकल सुटली.

ब्रेक कुठं आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. पाय थांबवले तर पडेन, म्हणून मी पायडल मारत राहिले. समोर डेअरी. किटल्या घेऊन सगळा गाव रांगेत उभा.

"वैनी, कुठं निघालासा?"

'धरा मला' असं ओरडायला हवं होतं. पण एवढ्या माणसांत ओरडायचं? मी मान खाली घालून म्हणाले, "हितंच, जरा!"

रस्ता देवळाला वळसा घालून परत डेअरीपाशीच येतो.

"वैनी, परत?"

"व्हय, विसरलं हुतं कायतरी!"

तिसऱ्या वेळी कुणी विचारलंच नाही. रांगेनं आपणहून वाट दिली. मी कडेच्या कडब्याच्या गंजीत शिरले ती थेट आतच!

हे धावत आले. आधी सायकल बाहेर काढली, तिच्यावरून हात फिरवला, मग मला काढलं.

"लाथ मारली?"

कडबा तोंडात होता. मी नकारार्थी मान हलवली. खरं तर सायकलीचा काय दोष? आणि मागं पल्लवी हात जोडून उभी.

"गरीब हाय," हे त्या माणसाला म्हणाले. "घेतली!"

पल्लवीची निवड झाली. तिचे सर घरी आले तेव्हा म्हणाले, "ही पोरगी वळणावर ब्रेकच दाबत न्हाय. हे शिकली कुठं?"

ह्यांनी छाती फुगवून माझ्याकडं बोट केलं. "आईवर गेलीया!"

मी पदर ओढून आत पळाले. ब्रेक कुठं असतो ते मला अजून माहीत नाही. आता एवढं नाव झाल्यावर विचारायचं तरी कुणाला?