मुन्शीजींचं सीताफळ

औरंगाबादेत माणसांची खरी पारख असलेला माणूस एकच होऊन गेला, आणि त्याचं नाव बुडवलं ते मी. हे वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली. एवढ्या वर्षांत मुन्शीजींच्या गमती मी लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा रंगवून सांगितल्या. लोक पोट धरून हसले. फक्त एक गोष्ट दर वेळी गाळली. वडील कधीच गेले, गेल्या वर्षी ताईही गेली. ज्यांच्यापासून लपवायची ती माणसंच राहिली नाहीत, तेव्हा आज गाळणार नाही.

मुन्शीजी माझ्या आत्याचे दीर. राहायला शहागंजात. निजामाच्या अमलात ते एका दफ्तरात कारकून होते आणि सगळं उर्दूत लिहीत. पोलीस अ‍ॅक्शन झाली, कचेरीची भाषा मराठी झाली, आणि चाळिशीतले मुन्शीजी पहिलीतल्या पोरासारखे जीभ बाहेर काढून मराठी कागद लिहू लागले. जुन्या उर्दू शब्दांपुढे नवे मराठी शब्द मांडायचं काम त्यांच्याकडे आलं आणि तिथे गाडी अडली. पुण्याकडून आलेले साहेब म्हणाले, "अहो, अक्कल, शऊर, समज, पोच, तारतम्य, सगळ्यांचा अर्थ एकच. 'शहाणपण' लिहा आणि पुढे चला." मुन्शीजींनी टाक खाली ठेवला. "साहेब, तुमच्या घरी तांब्या, परात, पातेलं, समद्याला भांडंच म्हणत्यात का? मग वरण कशात शिजवता, परातीत?" साहेबांनी ते काम दुसऱ्याला दिलं. मुन्शीजींनी ते जन्मभर सोडलं नाही.

त्यांची मांडणी पक्की होती. काम कसं करावं हे कळणं म्हणजे अक्कल. ते नीटनेटकं करणं म्हणजे शऊर. कुणासमोर काय बोलावं याची पोच, कुठे थांबावं याचं तारतम्य. आणि मुळात ते करावं की नाही, हे आधी कळणं म्हणजे शहाणपण. खिशात एक छोटी वही असे. तिच्यात ओळखीच्या प्रत्येक माणसाचं नाव आणि त्यापुढे त्याचा शब्द, उर्दू लिपीत. नगरपालिकेच्या एका मेंबराला त्यांनी नुसतीच अक्कल दिली होती, तीही पेन्सिलीने. शहाणपण फार थोड्यांना मिळालं. त्यांतला एक टांग्याचा घोडा होता, कारण सभेच्या गर्दीत शिरायला त्याने साफ नकार दिला आणि मालकाचा चाबूकही सोसला. दुसरा मान काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. "आमच्या घरात शहाणपण एकाच माणसाकडं हाये," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि आतून काकूंचा आवाज येई, "व्हय, म्हनून तर समदी कामं त्याच माणसाला!"

पण त्यांची खरी ख्याती होती ती नवरामुलगा पारखण्याची. आमच्या नात्यागोत्यात मुलगा पसंत पडला, की त्याला मुन्शीजींच्या ओट्यावर आणत आणि त्याच्यापुढे दौलताबादकडच्या सीताफळांची टोपली ठेवत. मुन्शीजी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत, मुलगा बियांचं काय करतो. ताटलीच्या कडेला लावणारा, ओट्याखाली थुंकणारा, दुसऱ्याच्या ताटलीत सरकवणारा. एकाने लाजेपायी सगळ्या बिया गिळल्या. मुन्शीजी म्हणाले, "द्या याला पोरगी. पोट दुखंल, पर तोंडातून वंगाळ शब्द निघायचा नाय." त्या जोडप्याला आता पणतवंडं आहेत. सीताफळाचा मोसम नसला तर लग्नं दिवाळीपर्यंत अडून राहत. फारच घाई असली तर रामफळ चाले, पण रामफळाच्या निकालाची मुन्शीजी हमी देत नसत.

निकाल मुलासमोर कधी सांगत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीकडच्या एकाने जाऊन तो घेऊन यायचा, अशी रीत होती. ताईच्या वेळी मी गेलो.

मुलगा दिसायला राजबिंडा होता. त्याने टोपलीतलं सर्वांत मोठं सीताफळ उचललं, बिया तोंडातच सोलल्या आणि हातभर लांबच्या ताटलीत एकेक अशी नेमकी उडवली, की वडिलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने ती गंमत पुन्हा करून दाखवली. आणि पुन्हा. सकाळी मुन्शीजींनी वही उघडून मला वाचून दाखवलं. "अक्कल हाये. शऊर बी हाये. तारतम्य नाय. टोपली रिकामी केली रे त्यानं. आत बायामाणसं बसलेली, त्यांना एक फळ राहिलं नाय. तुझ्या वडलांना सांग, नको म्हणावं."

आता माझी बाजू. मी तेव्हा कचेरीत कच्च्या नोकरीवर होतो आणि मला पक्कं करणं त्या मुलाच्या काकांच्या हातात होतं. शहागंजातून घरी चालत यायला वीस मिनिटं लागत. दारात वडिलांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "शहाणा आहे म्हणाले. द्या म्हणाले."

सहा महिन्यांत मी पक्का झालो.

ताईचा नवरा वाईट नव्हता. त्याला थांबणं ठाऊक नव्हतं, एवढंच. लासूर स्टेशनला त्याने आडत मांडली, ती चालायला लागताच तिच्या जोडीला पिठाची गिरणी, गिरणीच्या जोडीला फिरता सिनेमा. दर वेळी नवं गाव, नवं बिऱ्हाड. आठव्या वर्षी ताई दोन मुलं आणि एक ट्रंक घेऊन माहेरी आली, ती कायमची.

त्याच आठवड्यात भर बाजारात मुन्शीजी आम्हाला समोरून भेटले. वडिलांनी त्यांना चारचौघांत अडवलं. "तुमच्या शब्दावर लेक दिली मी! काय बघितलंत हो त्याच्यात? सीताफळं खाऊन माणूस कळतो होय?" लोक जमले. कुणीतरी हसलं. मी वडिलांच्या मागे भाजीची पिशवी धरून उभा होतो. मुन्शीजींचा हात खिशाकडे, वहीकडे गेला. वडिलांना उर्दू उत्तम येत होतं. एक पान उलटलं असतं तर पुरे होतं.

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. घरात आता मिळवता मीच होतो, ताई आणि तिची मुलं माझ्याच आधाराने राहणार होती, हे त्यांना ठाऊक होतं. हात रिकामाच खाली आला.

"चुकलं, दादा," ते म्हणाले. "पाहण्यात चुकलं माझं."

त्या दिवाळीपासून त्यांच्या ओट्यावर कुणी मुलगा आणला नाही. शहागंजातली टवाळ पोरं सीताफळवाल्याला विचारत, "क्यों मियाँ, इसमें दामाद निकलता क्या?"

पुढे बऱ्याच वर्षांनी, ते थकल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. काकूंनी माझ्यापुढे सीताफळ आणि ताटली ठेवली आणि त्या आत गेल्या.

"मुन्शीजी, एक बोलायचंय."

"आधी खा. लई दिसांनी आलास."

मी खाल्लं. ते माझ्या हाताकडे बघत होते.

"आरं, ताटली समोर हाये की. मुठीत कशाला धरल्यास बिया?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "काय बोलायचं व्हतं?"

"काही नाही. तब्येत कशी आहे, तेवढंच."

"बरी हाये," ते म्हणाले, आणि बराच वेळ मान हलवत राहिले. पुढचा मोसम त्यांना लाभला नाही.

त्या दिवशी ओटा उतरून मी रस्त्यावर आलो आणि मूठ उघडली. बिया अजून ओल्या होत्या. वर परत जायला पाच पायऱ्या होत्या.